हरकत घरच्यांची

पिस्तुलाचा परवाना पुन्हा करून हवा असेल तर आधी घरच्यांना विचारायचं, असा नवा कायदा आला आणि बटणवाल्या म्हातारीच्या दारात चौकशीचे साहेब येऊन उभे राहिले. शिंप्यांकडून शर्ट आणून म्हातारी त्यांना बटणं लावून द्यायची, म्हणून गल्लीनं दिलेलं हे नाव. तिचा मुलगा टायरच्या दुकानात गेला होता. सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

साहेबांनी आधी सुनेला गाठलं. ती पोर काय बोलणार! "माझी काही हरकत नाही," म्हणाली आणि मघाशीच पिळलेला टॉवेल पुन्हा पिळत बसली.

मग ते म्हातारीकडे आले. "आजी, मुलाकडे पिस्तूल राहिलं तर चालेल का? मोकळेपणानं सांगा. कुणी हरकत घेतली हे आम्ही त्याला सांगत नाही, तसा नियमच आहे."

म्हातारीचा जन्म मुलावर पांघरूण घालण्यात गेला होता. शाळेत त्यानं कुणाचं डोकं फोडलं, तर "माझा बाबू घरीच होता हो, त्याची शपथ!" सुनेचा हात मोडला, तर "जिन्यावरून पडली." घर तळमजल्यावर, जिना औषधालाही नाही, पण डॉक्टरांनी मुकाट प्लास्टर घातलं होतं. मात्र परवा जेवताना त्यानं पिस्तूल काढून सुनेच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "भाजी अळणी झाली तर आता हेच बोलेल." स्वतःच खदाखदा हसला.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "घेऊन जा ते मेलं. आजच न्या."

"बरं केलंत, आजी," साहेब म्हणाले. भला माणूस होता. संध्याकाळच्या आत परवाना रद्द झाला आणि पिस्तूल जमा झालं. मुलगा आठवडाभर दुकान आणि घर, एवढंच करत होता. सून भांडी घासताना चक्क गुणगुणायला लागली. एकदाचे सुटलो बाई, असं म्हातारीला वाटलं.

कसलं सुटलो! रविवारी मुलगा नदीपलीकडे जाऊन आला. तिथं दुसरं सरकार, तिथं हा कायदाच नाही. आल्या आल्या त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवं पिस्तूल ठेवलं. पहिल्यापेक्षा मोठं.

"तिकडं आई-बायकोला विचारत नाहीत," तो म्हणाला. "भाजी घ्यावी तसं घेऊन आलो." मग बायकोकडे वळला. "साहेब नाव सांगत नाही. घरच्यांनी हरकत घेतली, एवढंच म्हणतो. आता घरात आपण तिघं. आई माझ्याविरुद्ध जाणार नाही. मग राहिलं कोण?"

नाव झाकलं होतं ते बायकांच्या भल्यासाठीच. पण तीन माणसांच्या घरात झाकून झाकणार काय, कपाळ!

"मी नाही हो, मी नाही," म्हणत सून भिंतीला टेकली.

"अरे, मी बोलले!" म्हातारी मध्ये पडली. "मी सांगितलं साहेबांना. तिला काही विचारू नकोस, मला विचार!"

तो हसला. मायेनं हसला. "आई, तू आणि तुझं पांघरूण! आता हिच्यावरही घालायला लागलीस?"

"तुझी शपथ रे, बाबू!"

"ती तर तू मास्तरांपुढेही घ्यायचीस."

त्यानं तिला खांद्याला धरून हळूच बाहेरच्या खोलीत नेलं, शर्टांच्या ढिगाशेजारी बसवलं आणि आत जाऊन दाराला कडी घातली. म्हातारी दारावर मुठी आपटत ओरडत राहिली, "मीच बोलले रे, मीच!" आतून सून रडत होती, गयावया करत होती, ते सगळं तिला ऐकू येत होतं.

मग गोळीचा आवाज झाला. त्यानंतर दार वाजवायला काही कारण उरलं नाही.