अम्पारोच्या वाटणीच्या शेवया

मी मातीची कढई बोलतेय. पसरट, दोन कानांची, बाहेरून काळीठिक्कर आणि आतून अजून चकचकीत. पुएब्ला शहराच्या कुंभारआळीत माझा जन्म झाला. भट्टीतून निघाले तेव्हा एका कानाला खोट राहिली होती, त्यामुळे बाजारात जो तो मला उचलायचा आणि परत ठेवायचा. अम्पारोने मात्र मला टकटक वाजवून पाहिलं. म्हणाली, "आवाज खणखणीत आहे. कानाचं काय, आमच्या नाबोरलाही एकाच कानाने ऐकू येतं." शालीत गुंडाळून तिने मला घरी नेलं, बुडाला लसूण चोळला आणि पाणी भरून तासभर मंद आचेवर उकळलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

माझ्यात घेवडा शिजला, भात शिजला. पण माझी खरी ओळख शेवयांची. टोमॅटोच्या रश्शातल्या साध्या शेवया. गल्लीत कुणी आजारी पडलं, कुणाकडे माणूस गेलं, की अम्पारो मला शेगडीवर चढवायची आणि फडक्यात धरून त्या घरी घेऊन जायची. "रडून दमलेल्या माणसाला चावायचा कंटाळा येतो," ती म्हणायची. "शेवया आपोआप उतरतात."

तिचा नवरा नाबोर गावच्या बँडमध्ये ट्यूबा नावाचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवतो. त्याच्या फुंकरीने खिडकीच्या काचा थरथरतात, पण स्वयंपाकघरात तो फक्त जेवायला यायचा.

गेल्या वर्षी अम्पारोची धाकटी बहीण एल्विरा वेराक्रूझला आजारी पडली. अम्पारो तिच्या उशाशी दोन महिने होती. त्या दोन महिन्यांत नाबोर कोपऱ्यावरच्या गाडीवर जेवला. माझ्यात त्याने ट्यूबाच्या कळांना घालायची तेलाची बाटली ठेवली आणि नोटेशनचे कागद. मला वाईट वाटलं, पण रिकामं राहण्यापेक्षा बरं.

एल्विरा वाचली नाही. तिला पुरून, नऊ दिवसांची प्रार्थना आटोपून अम्पारो दुपारच्या बसने परत येणार होती. त्या सकाळी एल्विराच्या मुलीचा फोन आला.

फोन ठेवून नाबोर भिंतीपलीकडच्या चोलेबाईला म्हणाला, "अम्पारो तीन दिवस नुसत्या कॉफीवर आहे. कुणी काही दिलं की म्हणते, आधी तुम्ही घ्या."

"मग मी आणून देते काहीतरी," चोलेबाई म्हणाली.

"नको. मी करतो. शेवया."

"तुम्ही?" चोलेबाई इतकी हसली की तिची कोंबडी दचकली. "नाबोरभाऊ, पाणी उकळलं की नाही हेही तुम्ही बायकोला विचारता!"

पण मग तिने सगळं नीट सांगितलं. "तेलात शेवया परता, बदामी होईपर्यंत. आणि डोळे हलवू नका. त्या लबाड असतात."

त्याने माझ्यातलं सामान काढलं आणि मला घासलं, कानाच्या खोटीतसुद्धा. तेल तापलं, शेवया पडल्या, आणि हा गाळणी शोधायला गेला. तो परत आला तोवर माझ्यात कोळसा झाला होता.

"वास आला हो!" भिंतीपलीकडून हाक आली.

मी गार होईपर्यंत नाबोर थांबला, हे मात्र त्याचं शहाणपण. मला पुन्हा घासून दुकानातून दुसरा पुडा आणला. या वेळी दारावर बँडवाल्यांनी हाका मारल्या तरी जागचा हलला नाही. शेवया बदामी झाल्या. टोमॅटो, कांदा, लसूण वाटून गाळलेला रस ओतला तेव्हा मी अशी चरचरले की तो दोन पावलं मागे सरला. मग कोंबडी उकळलेलं पाणी, मीठ, कोथिंबिरीची एक काडी. चव बघायला चमच्यावर फुंकर मारली, ती ट्यूबावाल्याची फुंकर! अर्धा रस्सा भिंतीवर.

अम्पारो आली. काळे कपडे, गाल बसलेले. पिशवी खाली ठेवून ती सवयीने शेगडीकडे वळली. "तू काय खाल्लंस? थांब, टाकते काहीतरी."

"बस," नाबोर म्हणाला.

"मला भूक नाही."

"ठीक आहे. नुसती बस."

त्याने वाडगा समोर ठेवला, लिंबू पिळलं. ती वाफेकडे पाहत राहिली. "तू केलंस?"

"चोलेबाई साक्षीला आहे."

तिने एक चमचा घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला तिचा हात थांबला आणि ती मोठ्याने रडली. वेराक्रूझला म्हणे एकदाही रडली नव्हती. "एल्विराला अशाच पातळ आवडायच्या," ती म्हणाली. नाबोरने रुमाल दिला. डोळे पुसून तिने वाडगा संपवला आणि पुढे केला. "अजून वाढ. मीठ कमी आहे, पण वाढ."

त्याला एक वर्ष झालं. आता दर गुरुवारी नाबोर मला चढवतो. माझ्या काठाचा एक टवका उडालाय, पण रस्सा गळत नाही. मी सुखात आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं: माझ्यासारखी कुणी तुमच्या फळीवर असेल तर तिला आचेवरून उतरवल्या उतरवल्या थंड पाणी दाखवू नका. आणि तिच्यातून सगळ्यांना वाढणाऱ्या माणसाला कधीतरी विचारा, तू जेवलीस का.

आज गुरुवारच आहे. शेवया रटरटताहेत. अम्पारो टेबलाशी बसलीय खरी, पण तिला बसवत नाही. आत्ताच तिसऱ्यांदा उठून माझ्यात डोकावली, आणि नाबोर ओरडला, "अम्पारो, खुर्ची!"

हसली, आणि जाऊन बसली.