लॉन्ड्रीत गेला की आउट

माझा मामा व्यावसायिक क्रिकेटपटू आहे, अगदी टीव्हीवर दिसतो, पण घडला आमच्या गल्लीतल्या क्लबात. मैदान रुमालाएवढं, त्यातही खेळपट्टी एका कडेला. लेग साइडला भिंत, भिंतीपलीकडे लॉन्ड्रीवाल्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी. म्हणून क्लबाचा कायदा असा, की बॉल लॉन्ड्रीत गेला तर सिक्स नाही, आउट! बॅटिंगही कायम एकाच टोकाला. दुसरीकडे स्टंप ठोकायचा सगळ्यांनाच कंटाळा.

या मोसमात मामाचं पार गाडं अडलं होतं. बॉलर छातीवर आखूड बॉल टाकायचे, मामा तो हळूच थोपटायचा, जवळचा फिल्डर झेल घ्यायचा. निवड समितीने बजावलं, "पुढची मॅच शेवटची संधी." मामा तोंड पाडून घरी आला आणि मला म्हणाला, "चल, बॉलिंग टाक."

आम्ही क्लबाच्या मैदानावर गेलो आणि मी सलग आखूड बॉल टाकले. मामाने सगळे थोपटले.

"अरे, मार की! काय गोंजारतोयस?"

"आउट होईन ना!"

"कसा? इथे फिल्डर तरी आहे का?"

मामा भिंतीकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. मग कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे एवढ्या मोठ्या मोठ्या मैदानांवर तू चादरी वाचवत होतास?" मी हसून हसून खालीच बसले.

"दात काढू नकोस, कार्टे. उपाय सांग."

मी स्टंप उपटले आणि दुसऱ्या टोकाला ठोकले. आता भिंत ऑफ साइडला आणि लेग साइडला नुसतं मोकळं मैदान! पहिला बॉल हुकला. दुसरा बॅटच्या कडेला लागला. तिसरा मात्र असा काही भिरकावला, की तो आणायला मलाच पळावं लागलं. अंधार पडेपर्यंत पळत होते.

मॅचच्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती, तरी आईने मला घरी ठेवलं. भाऊ तिचाच ना! आखूड बॉल आला. मामाने फिरवली बॅट. थेट प्रेक्षकांत! आम्ही सोफ्यावर नाचतोय, आणि मामा बॅट बगलेत मारून चक्क पॅव्हेलियनकडे परत निघाला!

"अगं, हा कुठे चालला?" आई किंचाळली.

जोडीदाराने त्याला कोपराला धरून माघारी आणलं. नंतर मामाने शतक ठोकलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाईसाहेब, पुढच्या मॅचलाही मी टीममध्ये आहे!"

"मग रविवारी ये. तुझ्या कव्हर ड्राइव्हबद्दलही मला जरा बोलायचंय."