दुसरं बाकडं

मल्लेशने लिलावात मालगाडीच्या शेपटाला लागणारे गार्डाचे दोन जुने डबे घेतले आणि अक्कलकोटच्या अलीकडे आपल्या शेतात, चिंचेच्या राईत, रुळाच्या तुकड्यांवर उभे केले. पाहुण्यांना राहायला द्यायचे, असा त्याचा बेत. ते नीट करायचं काम मात्र त्याच्या वडिलांनी, रुद्रप्पांनी, मागून घेतलं. चौतीस वर्षं असल्याच डब्यात बसलेला गार्ड तो. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो?

आठ महिने त्यांनी गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारला, हातब्रेकचं चाक ग्रीस घालून फिरतं केलं. हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. शिवबाईनं एकदा आत येऊन बसावं, एखादा बरा शब्द बोलावा. लग्नापासून ती त्या डब्याला सवत म्हणायची. चंद्रिका गेल्यावर तिनं त्याचं नावच टाकलं.

चंद्रिका त्यांची थोरली. चार वर्षांची असताना तापानं फणफणली. त्या दुपारी रुद्रप्पांचीच मालगाडी गावच्या स्टेशनात सोलापूरकडे तोंड करून उभी होती. पोरीला पदरात गुंडाळून शिवबाई गार्डाच्या डब्याच्या पायरीशी आली. "सोलापूरपत्तूर न्या. लई दम लागलाय तिला."

"बाहेरच्या मानसाला घेता येत न्हाय," रुद्रप्पा वरूनच म्हणाले.

स्वतःची बायको, पोटची पोर, आणि म्हणे बाहेरची माणसं! हिरवी झेंडी दाखवून ते गेले. संध्याकाळच्या एसटीत, आईच्या मांडीवर, पोर गेली. नियम तेवढा शाबूत राहिला.

पहिला डबा पुरा झाला त्या सकाळी त्यांनी शिवबाईला बोलावलं. ती आली, पण पायरी चढताना त्यांनी पुढे केलेला हात तिनं धरला नाही. आत समोरासमोर दोन बाकडी होती, पॉलिश केलेली. एकावर ती बसली. रुद्रप्पा दारातच उभे राहिले.

"तुमी कुटं बसायचा?"

"तू बसलीस तितंच."

"आन् हे दुसरं?"

"रिकामंच असायचं."

शिवबाईनं त्या बाकड्यावर हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, सावकाश.

"त्या दिवशीबी?"

निदान आता तरी खोटं बोलायचं होतं त्यांनी. जमलं नाही.

"व्हय," ते म्हणाले.