औषध झालेली रवी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी रवी आहे. चुडावा गावच्या माणिकरावांच्या घरी असते आणि थोडी शेखीही मिरवते. का मिरवू नये? डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितलेली रवी तुम्ही दुसरी कुठे पाहिली आहे का?

माणिकरावांची बायको झुंबरबाई नवी नवरी होती, तेव्हा सुताराने मला घडवले. पुढे तीस वर्षे तिने रोज सकाळी दोन्ही हातांनी माझी दोरी ओढली. लोणी छान आले की ती मला प्रेमाने पुसून ठेवायची.

१९५४ साली तिच्या अंगावरून वारे गेले आणि उजवा हात लुळा पडला. सून मनकर्णा मोठी मायाळू. ती सासूला घास भरवी, वेणी घाली. तो हात शिणू नये म्हणून तिने फडक्यात बांधूनच ठेवला. मी खुंटीवर लटकून राहिले, अंगभर जळमटे धरली. चार महिन्यांत शेजारणी म्हणू लागल्या, हात गेला.

माणिकरावांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी परभणीहून बन्सीधर डॉक्टरांना आणले. मेंदूचे आणि नसांचे आजार ते हैदराबादेत शिकले होते. त्यांनी कोपराजवळ रबरी हातोडी मारली, तर हात टुणकन उडाला! तळपायावर किल्ली ओढून पाहिली. मग म्हणाले, हात मेलेला नाही, मेंदूचा निरोप त्याला नीट पोचत नाही. काम करून करूनच वाट पाडावी लागेल. या हाताचे रोजचे काम कोणते, असे त्यांनी विचारले. झुंबरबाईने डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवले. काय सांगू, मी आनंदाने थरारले!

डेऱ्यात नुसते पाणी भरले. दोरीचे एक टोक लुळ्या मुठीत बांधले. डावा हात ओढी, उजवा नुसता मागोमाग जाई. उजव्याने परत ओढताना मनकर्णा त्याच्या कोपराला आधार देई. डॉक्टर दर महिन्याला आगगाडीने येत, हात तपासून पाहत आणि आधार थोडा कमी करायला सांगत.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी उजवीकडून दोरीला हिसका बसला. मी अर्धा फेरा फिरले! कोपराला कुणाचाही हात नव्हता! झुंबरबाई घामाने निथळत होती. मनकर्णेला ते बघवेना. ती दोरी धरायला धावली.

"सोड गं, मनकर्णा," झुंबरबाई म्हणाली. "हात माजा हाय, मलाच वढू दे."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा हातपाय असा अडला, तर डॉक्टरांना दाखवा, जवळ बसा, धीर द्या. पण त्यांची दोरी त्यांच्याच हातात राहू द्या. त्या सकाळी मनकर्णा हात मागे घेऊन रडत उभी राहिली, आणि मी दुसऱ्यांदा फिरले.