पाच रुपयांचं पाणी

चंद्रव्वाने डॉक्टर कारखानिसांना फसवलं म्हणे! मी त्यांचा कंपाउंडर, म्हणून हे मला ऐकून घ्यावं लागलं. ती बाई भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजून मडक्याएवढा झालेला, घोट्यावरच्या फोडातून नारूचा पांढरा दोरा लोंबत होता. आणि फसले होते कोण, तर डॉक्टर!

कारखानीस १९३३ साली मुंबईहून सोलापुरात आले आणि भवानी पेठेत दोन खोल्या घेऊन बसले. नारूचे किडे पोटात गेल्यापासून नारू पायातून बाहेर पडायला नेमके किती दिवस लागतात, ते त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी किड्यांचं पाणी पिणारे वीस धडधाकट पुरुष हवे होते. माणशी पाच रुपये. गिरण्यांनी माणसं कमी केली होती, त्यामुळे वीस जागांसाठी साठजण आले. "नारूचं नाव काढायचं नाही, तपासणीचं पाणी म्हणायचं," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी तसंच म्हणालो. तीस रुपये पगारात माझी जीभही त्यांनी घेतली होती.

निंगप्पाचं नाव यादीत होतं. पण पाणी प्यायच्या दिवशीच त्याला कितीतरी दिवसांनी गिरणीचं बोलावणं आलं. त्याच्याऐवजी त्याची बायको चंद्रव्वा आली.

"निंगप्पा कुठंय?" मी विचारलं.

"कामावर गेल्यात. मी त्यांची बदली हाय की."

सोलापुरात यात नवल ते काय? गिरणीत मागावरचा माणूस आला नाही की बदली उभा राहतो आणि काम चालतं. मला हसू आलं. डॉक्टर जेवायला गेले होते, आकडा भरायचा होता. मी भांडं तिच्या हातात दिलं. एका दमात पिऊन तिने विचारलं, "झालं? येवढंच?"

आज वर्षाने ती पाय ओढत आली, तेव्हा डॉक्टरांना कळलं.

"माझा प्रयोग नासवला हिने! यादीत नाव नाही, तर पट्टीही नाही. जाऊ दे सरकारी दवाखान्यात."

"तितवर कशी चालू, सायेब?" चंद्रव्वा म्हणाली. "आता मीच गिरणीत जातीय, दिसभर उभं ऱ्हावं लागतंय. पाय गेला तर काम गेलं."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरसाहेब, पाच रुपयांत तुम्ही एक पाय मागितला होता. तिने दिला. कुणाचा, ते तुम्ही बघितलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. फसवणूक कसली?"

"उगाच पुळका नको. विहिरीचं पाणी पिऊन यांना नारू होतोच. मी निदान पैसे दिले."

"विहीर खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

ते दार आपटून आत गेले. मी खाली बसलो आणि दोऱ्याचं टोक काडीवर हळूहळू गुंडाळू लागलो. तुटला तर पाय सडतो. चंद्रव्वा ओठ दाबून बघत होती, आणि मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

पट्टी बांधून मी बाहेर आलो. ओट्यावर प्रयोगाच्या दुसऱ्या खेपेची वीस माणसं पाण्याच्या भांड्याभोवती बसली होती. पुढे निंगप्पाच होता. मी मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, ओरडून सांगितलं, "या पाण्यात नारू आहे! वर्षाने तुमच्या पायातून निघेल. आतल्या बाईचा पाय बघा आणि घरी जा!"

कुणी जागचं हललं नाही. मी संतापाने भांडं उचललं, गटारात ओतायला. निंगप्पाने माझं मनगट धरलं.

"सांडू नगा, मालक. काय हाय त्यात, मला ठावं हाय. तिचा पाय रोज मीच धुतोय. पर माझं काम कवाच सुटलं, ती घरी बसल्यावर खायाचं काय?"

मी हिसका दिला. मागचे एकोणीसजण उठले, मला धरायला.