बिननावाचे डबे

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी आई रत्नमाला येईल-जाईल त्याला सांगते, आणि ते खरं आहे. शेजाऱ्यांकडं पाहुणे कुठून आले, कुणाची सोयरीक कुठं फिसकटली, हे मला दुपारी कळलं की संध्याकाळी गल्लीला पाठ असतं. अशा बाईला नोकरी लागली ती गुपितं सांभाळायची. मी, विशाखा, शहरातल्या एका रुग्णालयात समुपदेशक आहे. एचआयव्ही असलेल्या बायकांवर तिथं एक संशोधन चालतं. आईला एवढंच माहीत आहे की मी 'बायकांच्या तपासणीत' असते. तिला त्याहून जास्त न सांगता मी कशी जगले, ते माझं मलाच ठाऊक.

संशोधन साधं आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा बराच जास्त. वेळेत कळलं तर तो होण्याआधीच थांबवता येतो. पण कळायचं कसं? तपासणीच्या टेबलावर झोपायचं म्हटलं की आमच्या बाया पदर खोचून परतीची एसटी धरतात. म्हणून पडद्याआड जाऊन बाईनं स्वतःच काडीनं नमुना घेतला, तर तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतका भरवशाचा ठरतो का, हे आम्ही बघत होतो.

आमच्या प्रमुख डॉ. प्रेरणा. गुप्ततेच्या बाबतीत भलत्याच कडक. नमुना दिल्यावर बाईच्या हातात आठवण म्हणून काहीतरी द्यायचं ठरलं, तेव्हा मी पिशवी सुचवली. मॅडम म्हणाल्या, "एकसारख्या पिशव्या बसस्टँडवर भेटल्या की झालं आपलं कल्याण." मग झाकणाचा स्टीलचा डबा ठरला. गुलमंडीवरच्या भांड्यांच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदारानं नाव कोरायचं मशीन हातात घेऊन विचारलं, "मॅडम, नाम क्या डालने का?"

"काहीच नको," मॅडम म्हणाल्या.

त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जसं काही आम्ही बिनमिठाची भाजी मागितली होती. आपल्याकडं वाटीवरसुद्धा नाव असतं, कुणी दिली आणि कुणाच्या लग्नात दिली ते. पण मॅडमचा हुकूम म्हणजे हुकूम. कोरे डबे रिक्षात घालून आम्ही परत आलो.

द्वारकाबाई सुरुवातीलाच आल्या होत्या. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा कडूबा कधीच गेलेला. आवाज असा की पडद्याआडून बोलल्या तरी औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू जावं. गावात ओळख निघू नये म्हणून गोळ्या जालन्याहून आणायच्या. घरी सांगायच्या, गुडघ्याच्या औषधाला जाते. थाप पचावी म्हणून गावात लंगडायच्यासुद्धा. गुडघे अगदी ठणठणीत होते.

"धाकल्या जावंला कळलं तर ती लेकरू माझ्या मांडीवर ठिवायची नाय," त्या म्हणायच्या. "पोरगी लई गुणाची हाय, पर भेव वाटतं वो."

नमुना चांगला निघाला. डबा घेऊन गेल्या, आणि त्यानंतर फेरतपासणीला येत राहिल्या.

बऱ्याच महिन्यांनी दीपमाला आली. तिशीची, बारीक चणीची, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी. गाव तेच, आडनावही तेच. तरी मी नेहमीसारखं विचारलं, घरी कोण कोण?

"मी, मालक, पोरगी आन् आमच्या आक्का. मोठ्या जाऊबाई. त्यास्नी गुडघ्याचं दुखणं हाय, त्याबी येत्यात शहरात औषधाला."

माझ्या हातातला पेन खाली पडला. वाकून उचलायला मी जरा जास्तच वेळ घेतला.

तिचा नवरा सुदर्शन वाळूजला कंपनीत. दोघंही गोळ्यांवर, दोघांचीही तब्येत उत्तम. हे कुणाकडून आलं, कसं आलं, ते आम्ही विचारत नाही, आणि विचारणाऱ्यांचा मला राग येतो. दोघांनी मिळून एकच शपथ घेतली होती, की आक्कांना कळू द्यायचं नाही. "भाऊजी काविळीनं गेले तवापासून आक्कांनी आमाला लेकरासारखं बघितलं. त्यास्नी कळलं तर माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत, ताई."

त्या दिवशी मला गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटलं. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी, एकाच दुखण्याच्या गोळ्या एकमेकींच्या पाठीमागं गिळत होत्या, आणि दोघींची भीती सारखीच. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मी मुकाट्यानं दोघींचे वार वेगळे ठेवले. दीपमालाही डबा घेऊन गेली.

तिचा नमुना मात्र चांगला निघाला नाही. पुढच्या तपासणीत दिसलं की गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बदलायला लागल्यात. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. विजेच्या बारीक तारेच्या कडीनं तेवढा भाग काढून टाकला की काम भागतं. बाई त्याच दिवशी घरी जाते. अटी दोनच. त्या दिवशी सोबत एक बाई हवी, आणि नंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही.

दुसरी अट ऐकून दीपमाला चक्क हसली. "ताई, दोन म्हशी हायत. पाण्याचे हंडे, चाऱ्याचे भारे, समदं माझ्यावर. आक्कांचे गुडघे तर कामातूनच गेलेत. मी नाही उचलायचं तर कुणी उचलायचं?"

मी ओठ चावला. त्या गुडघ्यांसारखे गुडघे मला माझ्या म्हातारपणी मिळाले तर मी पेढे वाटीन.

ठरलेल्या दिवशी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, कापूस वेचून झाला की बघते. कापूस झाला, मग मका आला. दर खेपेला तिचा आवाज आणखी बारीक व्हायचा. डॉ. प्रेरणा म्हणाल्या, "तिला सांग, फार लांबवलं तर हे एवढ्यावर थांबेल याची मी हमी देऊ शकत नाही." मी सांगितलं. पलीकडून नुसता म्हशीचा आवाज आला.

शेवटी मी मॅडमसमोर जाऊन बसले. कुणाचं नाव न घेता विचारलं, "समजा, एकीला मदत करू शकेल अशी बाई तिच्या घरातच असली, आणि आपल्याला ते माहीत असलं तर?"

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तर ते आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं आहे त्या सांगतील. आपण नाही, विशाखा." मला त्यांचा राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

आमच्याकडं सोबतीणीची एक पद्धत आहे. ज्या बायांची तयारी असते, त्या दुसऱ्या बाईच्या सोबत येऊन बसतात, पण दोघींचा होकार आल्याशिवाय कुणालाच कुणाचं नाव सांगायचं नाही. मी दीपमालाला विचारलं. म्हणाली, "चालंल, पर आमच्या तालुक्यातली नको." तिथंच दार लागलं. तरी पुढच्या मंगळवारी द्वारकाबाई आल्या, तेव्हा मी त्यांनाही विचारलं. सगळ्याच जुन्या बायांना विचारत होते, त्यात त्याही एक.

"बसंन की. कुठली हाय?"

"ते सांगता येत नाही."

"बरं." त्यांची नजर कपाटातल्या डब्यांच्या चळतीवर गेली. "एक इचारू का? ह्या डब्यांवर नाव का नाय टाकलं तुमी?"

"मुद्दाम. घरी कुणाला काही कळू नये म्हणून."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवो बाई, आमच्या घरात चमच्यालाबी नाव हाय. गेलेल्या माणसाचं नाव अजून तांब्यावर हाय. बिननावाचं भांडं दिसलं की पोरगंबी इचारतं, हे कुठून आलं म्हून. म्या माझा डबा पेटीत लपवलाय, तुमाला काय सांगू!"

हसता हसता त्या थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या.

"ती बाई," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तरणी हाय का?"

"मला सांगता येत नाही, द्वारकाबाई."

माझा चेहरा माझ्या ताब्यात होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तोंडातून शब्द गेला नाही. त्यांनी पिशवी उचलली आणि निघाल्या. फाटकापर्यंत लंगडत गेल्या, इथं त्याची काही गरज नसताना.

त्याच आठवड्यात दीपमालाचा फोन आला. "ताई, सोबत मिळाली. कवा येऊ?"

ठरल्या दिवशी सकाळी मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. दोघी वर येताना दिसल्या. दीपमाला मागं आणि द्वारकाबाई पुढं, दोन्ही पिशव्या एकाच हातात घेऊन, तरण्या बाईसारख्या पायऱ्या चढत होत्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. लपवण्याचा कोटा माझ्यापुरता संपला होता.

दीपमालाला आत नेल्यावर द्वारकाबाई बाकावर मांडी घालून बसल्या. मी शेजारी टेकले. काही विचारायची गरजच पडली नाही.

"गोधड्या ठिवताना तिच्या पेटीत तो डबा म्या लई दिवसांमागं बघितला व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखाच, कोरा. समजले मी. पर तिनं झाकलेलं म्या कशाला उघडू? वाटलं, तब्येत चांगली हाय, नवरा-बायको सुखात हायत, ऱ्हाऊ दे. मग तुमी सोबतीचं इचारलं. महिनाभर पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते म्या बघतच व्हते. त्या रातीला घरी गेले आन् माझा डबा पेटीतून काढला. मीठ भरलं, चुलीजवळच्या फळीवर ठिवला. समोरच."

"मग?"

"सकाळी तिनं बघितला. पांढरीफटक पडली. तिला वाटलं, तिचाच म्या काढला. पळत गेली पेटी बघाया. तिचा जाग्यावरच व्हता." द्वारकाबाईंनी नाक पुसलं. "लई येळ बाहेर आली नाय. म्या भाकरी थापत ऱ्हायले. समद्या वाकड्या झाल्या. मग आली, आन् तिचा डबा माझ्या डब्याशेजारी ठिवला. पाण्याला जायाला हंडा उचलला, तो म्या तिच्या हातातनं घेतला. तर म्हणती, आक्का, तुमचे गुडघे! म्हटलं, गुडघ्याला काय धाड भरलीया?"

दोघीजणी त्या बाकावर इतक्या हसलो, की नर्सनं दार उघडून डोळे वटारले.

काम नीट झालं. काढलेला भाग तपासणीला गेला आणि पुढं त्याचा अहवाल चांगला आला; कॅन्सर नव्हता, आणि बिघडलेलं सगळं निघालं होतं. पण ते नंतरचं. त्या दुपारी दीपमाला खाटेवर उशीला टेकून बसली होती, जरा सुकलेली, आणि द्वारकाबाई तिला पुढच्या दिवसांचे हुकूम सोडत होत्या. पाणी मी भरीन. चारा सुदर्शन आणील, नाय आणला तर त्याला बघते. तू नुसती भाकरी खा.

मग त्यांनी पिशवीतून डबे काढले, दोन. आमचेच. एकात धपाटे, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. झाकणं उन्हात चमकली आणि मला त्यांवर अक्षरं दिसली. एकावर कोरलं होतं, 'चि. सौ. दीपमालास, जाऊबाईकडून.' दुसऱ्यावर, 'आक्कास, दीपमालाकडून.'

"येताना स्टँडजवळ घालून घेतलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता मांडणीवर उघडं ऱ्हातंय."

दीपमालानं तिचं झाकण हातात घेतलं. नावावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. तिचा चेहरा वाकडा होऊ लागला तशी द्वारकाबाईंनी धपाट्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला.

"खा. आन् कुणी इचारलं, हा डबा कुठला, तर वाचून दाखव."