घाणेरी कोणी आणली

माझा दीर उखर्डू माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की देवाचंही ऐकत नाही. त्याची कालवड घाणेरी खाऊन मेली. नाल्याकाठी हे विषारी झुडूप नुसतं माजलं होतं, आणि उखर्डूनं ठरवून टाकलं की माझ्या सुनेनंच ते गावात आणलं.

माझी सून मोहिनी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली. लग्नानंतर तिनं माहेरच्या क्वार्टरपुढची पिवळ्या फुलांची घाणेरी कुंडीत लावून आणली होती. तिच्या आईनं लावलेली. ती आई आता नाही.

उखर्डूनं मोहिनीच्या हातचं पाणी सोडलं. रोज केळीच्या मळ्यात जाताना आमच्या ओट्यावर चहा पिणारा माणूस, मान फिरवून जायला लागला. बायांनी लगेच तिचा पायगुण काढला. पोर पार वाळली. एक दिवस काडेपेटी घेऊन कुंडीजवळ गेली.

"खबरदार!" मी ओरडले. "जाळायचं तर आधी या बायांच्या जिभा जाळ."

तेवढ्यात जळगावच्या कॉलेजातल्या नूतन मॅडम आल्या. घाणेरी कुठून कुठं पसरते ते त्या शोधत होत्या. पानांवरून झाडाचं कूळ कळतं म्हणे. त्यांनी नाल्यावरची, सातपुड्याच्या पायथ्याची पानं नेली. मी म्हटलं, आमच्या कुंडीतलीही न्या. तोंडानं म्हटलं खरं, पण मनात आलं, उखर्डूचंच खरं निघालं तर?

परवा मॅडम निकाल घेऊन आल्या. गल्ली गोळा झाली. उखर्डू समोरच्या कडुलिंबाखाली, ऐकत नसल्यासारखा उभा.

"कुंडीतल्या झाडाचा डीएनए नाल्यावरच्या झुडपांशी जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "शिवाय त्याला बी धरतच नाही, ते पसरणार कसं? नाल्यावरची सगळी झुडपं एकाच झुडपाच्या फांद्यांपासून झालीत. ते मूळ झुडूप आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याशी सापडलं. तिथून कोणी कुंपणाला फांद्या आणल्या होत्या का?"

सगळ्यांच्या माना लिंबाकडे वळल्या. रानडुकरं केळीत शिरतात म्हणून उखर्डूनंच ट्रॉलीभर फांद्या आणून मळ्याभोवती रोवल्या होत्या. उरलेल्या नाल्यात टाकल्या होत्या.

"मले वाटलं, वाळेल ते," तो पुटपुटला. "काडी जीव धरते हे मले काय ठाऊक?"

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही. मोहिनी तोंडाला पदर लावून घरात पळाली. उखर्डूला चांगलं झाडायचं म्हणून मी कंबर कसली, तोच तो आला, चपला काढल्या आणि ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसला. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती त्याची.

"मोहिनी," त्यानं आत हाक दिली, "पानी दे वं माय."

ती तांब्या घेऊन आली. उखर्डू घटाघटा प्याला, मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला.

"आनखी दे," म्हणाला.